ॲपमध्ये सगळं पूर्ण, मग पेपरात चुका का?

पत्र: माझी मुलगी सहावीत आहे, सेमी-इंग्रजी माध्यम. जूनपासून तिला घरी खान अकादमीचं मोफत ॲप लावून दिलं आहे. रोज पाऊण तास ती फोनवर गणितं सोडवते. ॲपमध्ये अपूर्णांकांचे सगळे धडे पूर्ण झालेले दिसतात, पण घटक चाचणीत २० पैकी ७ गुण मिळाले. १/२ + १/३ चं उत्तर तिने २/५ लिहिलं होतं. मी शिकवायला बसले की दहा मिनिटांत भांडण होतं. माझं गणित मराठीत झालं, तिचे इंग्रजी शब्द मला कळत नाहीत. तिचे बाबा म्हणतात, पैसे भरून एखादं चांगलं ॲप घेऊ. घ्यावं का?
– एक आई, कराड

उत्तर: आत्ता घेऊ नका. ॲप बदलून ही चूक जाणार नाही.

तुमच्या मुलीने वरच्या संख्या वर मिळवल्या, खालच्या खाली मिळवल्या आणि २/५ लिहिलं. याचा अर्थ १/२ ही तिच्या डोक्यात एक संख्या नाही, रेघेच्या वर आणि खाली लिहिलेले दोन वेगळे आकडे आहेत. ॲप तिला ‘चूक’ एवढं सांगेल, छेद समान करण्याच्या पायऱ्या दाखवेल, आणि पुढची पाच गणितं ती त्या पायऱ्यांची नक्कल करून बरोबर सोडवेल. तिने काय विचार केला हे ॲपला दिसत नाही. गणितं पुरवणं आणि उत्तरं तपासणं ही कामं ते उत्तम करतं. ‘हे कसं केलंस?’ हे मात्र घरातल्या माणसालाच विचारावं लागतं, आणि तेवढं विचारायला इंग्रजी लागत नाही.

आधी ॲपमधले धडे ‘पूर्ण’ कसे होतात ते पाहू. खान अकादमीत एका कौशल्याच्या सरावात साधारण ४ ते ७ प्रश्न असतात. ७० टक्के बरोबर आले की ‘फॅमिलिअर’, सगळे बरोबर आले की ‘प्रोफिशिअंट’. सगळ्यात वरची ‘मास्टर्ड’ ही पातळी फक्त क्विझ, युनिट टेस्ट यांसारख्या मिश्र चाचण्यांतून मिळते. मेख इथेच आहे. एका सरावातले सगळे प्रश्न एकाच साच्याचे असतात. पहिल्या दोन गणितांत रीत दिसली की तिसऱ्यापासून हात चालतो, डोकं नाही. शाळेच्या पेपरात ‘इथे छेद समान कर’ असं कोणी सांगत नाही. रीत कोणती लावायची हे आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि तो सराव तिला मिळालेलाच नाही.

मुलं आणखी एक युक्ती फार लवकर शिकतात. ‘हिंट’ उघडली की तो प्रश्न चुकलेला धरला जातो, पण तोच सराव पुन्हा करता येतो. मग पहिल्या फेरीत सगळ्या हिंट वाचून काढायच्या आणि दुसऱ्या फेरीत शंभर टक्के मिळवायचे. यात लबाडी शोधू नका. खेळाचे नियम कळलेलं कुठलंही मूल हेच करेल. शिवाय युनिट टेस्टमध्ये चूक झाली की मिळालेली पातळी खाली घसरते, म्हणून बरीच मुलं त्या चाचण्यांकडे फिरकतच नाहीत. तुमच्या मुलीने ॲपमधल्या किती युनिट टेस्ट दिल्या ते बघा. स्वतःचं पालक खातं उघडून तिचं खातं त्याला जोडलं की तिने कोणता सराव कधी केला, किती वेळ लागला आणि किती बरोबर आले ते दिसतं. भिन्नच्छेद अपूर्णांकांच्या सात बेरजा दीड मिनिटात झाल्या असतील तर त्या वहीत सोडवलेल्या नाहीत हे उघड आहे.

आता रविवारी सकाळी फोन बाजूला ठेवून एका कागदावर ही गणितं द्या. घड्याळ लावू नका.

१) ७ × ८, ६ × ९, ८ × १२
२) ५०३ − २६८
३) ३/८ आणि ३/५ यांत मोठा कोणता?
४) ० ते २ अशी संख्यारेषा काढून तिच्यावर ५/४ दाखव.
५) १२/१८ ला अतिसंक्षिप्त रूप दे.
६) १/२ + १/३
७) ०.४ आणि ०.३५ यांत मोठा कोणता?
८) १० − ४ + ३
९) ६ ÷ १/२

सोडवून झाल्यावर प्रत्येक गणिताला ‘कसं केलंस?’ विचारा. बरोबर आलेल्यालाही विचारा, नाहीतर तुम्ही विचारलं म्हणजे चुकलं, एवढंच ती शिकेल. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. मध्ये दुरुस्ती करू नका. यात गुण द्यायचे नाहीत, गाडी कुठे अडली ते शोधायचं आहे.

पहिल्यात बोटं मोजावी लागत असतील तर अपूर्णांक सध्या बाजूला ठेवा. पाढे पक्के नसतील तर लसावि काढतानाच दमछाक होते आणि मूळ गणितापर्यंत लक्ष टिकत नाही. रोज पाच मिनिटं १२ पर्यंतचे पाढे, पण क्रमाने म्हणून नव्हे, मधलेच विचारून: सात आठे? चोपन्न म्हणजे किती नव्वे? दुसऱ्याचं खरं उत्तर २३५. ३६५ आलं तर ती प्रत्येक स्थानावर मोठ्यातून लहान अंक वजा करते आहे, हातचा घेत नाही. ही तिसरी-चौथीतली भोक राहिलेली जागा आहे आणि ती तिथेच बुजवावी लागेल. ॲपमध्ये बिनदिक्कत खालच्या इयत्तेत जा. इयत्तेचा आकडा तिला टोचत असेल तर कोर्स न निवडता कौशल्याचं नाव शोधून थेट तो सराव उघडून द्या.

तिसरं गणित सगळ्यात बोलकं. ‘८ मोठा म्हणून ३/८ मोठा’ असं उत्तर आलं तर बेरजेचा सराव आजपासून बंद. आठ जणांत वाटलेल्या भाकरीचा एक तुकडा पाच जणांत वाटलेल्यापेक्षा लहान असतो, एवढं हाताला कळल्याशिवाय समच्छेद करणं हा नुसता मंत्र होतो. चौथ्यात ५/४ हा ० आणि १ च्या मध्ये कुठेतरी टाकला, तर अपूर्णांक नेहमी एकापेक्षा लहानच असतो असं तिने धरलं आहे. कापलेला पिझ्झा नाहीतर केक यांचीच चित्रं पाहिलेल्या मुलांचं हे हमखास होतं, कारण एका पिझ्झ्यातून पाच चतुर्थांश निघत नाहीत. म्हणून चित्रापेक्षा संख्यारेषा जास्त वापरा.

सातव्यात ०.३५ मोठा म्हटलं तर ती ३५ आणि ४ यांची तुलना करते आहे. पैशांचं उदाहरण लगेच पटतं, ४० पैसे आणि ३५ पैसे, पण ते दोन दशांशस्थळांपलीकडे जात नाही, ०.१२५ आलं की पुन्हा गोंधळ. मीटरपट्टी किंवा शिंप्याची टेप बरी: ०.४ मीटर म्हणजे ४० सेंमी, ०.३५ म्हणजे ३५, ०.१२५ म्हणजे साडेबारा. नवव्याचं उत्तर ३ आलं तर ‘भागाकाराने संख्या लहानच होते’ हा समज आहे. सहा भाकऱ्या आहेत, प्रत्येकाला अर्धी द्यायची, किती जण जेवतील? बारा हे उत्तर ती स्वतःच देईल. मग तेच गणित लिहून दाखवा.

आठव्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) पाठ केलेली मुलं बेरीज आधी म्हणून ४ + ३ = ७ करतात आणि १० मधून ७ वजा करून ३ लिहितात. बरोबर उत्तर ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच मानाच्या क्रिया आहेत, त्या डावीकडून उजवीकडे जशा येतील तशा करायच्या. गुणाकार-भागाकाराचंही तसंच. अमेरिकन धड्यांत हाच नियम ‘पेमडास’ म्हणून येतो आणि त्यात गुणाकाराचं अक्षर भागाकाराच्या आधी आहे, त्यामुळे ते पाहून आलेलं मूल २४ ÷ ४ × २ चं उत्तर ३ काढतं. खरं उत्तर १२. दोन्ही स्मरणसूत्रांना हा रोग आहे आणि ॲप चूक दाखवतं तेव्हा कारण सांगतंच असं नाही.

आता मूळ दुखणं, १/२ + १/३. कागदाच्या १२ सेंमी लांबीच्या पट्ट्या कापा, सहा-सात पुरतील. अख्खी पट्टी म्हणजे १. तिला अर्धी पट्टी कापू द्या, ६ सेंमी. दुसऱ्या पट्टीचा तिसरा भाग, ४ सेंमी. दोन्ही टोकाला टोक लावून ठेवा: १० सेंमी. आता तिचं २/५ आणखी एका पट्टीवर मोजायला सांगा. १२ चे पाच भाग केले की एक भाग २.४ सेंमी, दोन भाग ४.८. अर्ध्या पट्टीत काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्या पट्टीपेक्षाही लहान आलं! इथे तुम्ही काही बोलू नका. हे तिला स्वतःला खटकलं पाहिजे, आणि खटकलं की काम झालं. मग विचारा, १० सेंमी म्हणजे १२ पैकी किती? १०/१२. आणि २-२ सेंमीचे तुकडे पाडले तर? ५/६. सहाच का, तर अर्धी पट्टी आणि तिसरा भाग दोन्ही २ सेंमीच्या तुकड्यांत नेमके मोजता येतात म्हणून. लसावि काढतात तो यासाठी. हेच पुढे १/४ + १/३ आणि ३/४ − १/६ वर करा. १२ सेंमीत ही सगळी गणितं पूर्ण सेंटिमीटरमध्ये बसतात. पाचवा भाग त्यात नीट बसत नाही, म्हणून १/२ + १/५ साठी १० सेंमीची पट्टी घ्या.

पट्टी झाली की तोंडी. सव्वा, दीड, अडीच, पाऊण हे शब्द तिने दुधाच्या पिशव्यांपासून भाजीच्या वजनापर्यंत रोज ऐकले आहेत, पण वहीतल्या ३/२ शी त्यांचं नातं कोणी जोडून दिलेलं नसतं. दीड किलो कांदे आणि पाऊण किलो बटाटे, पिशवीचं वजन किती? सव्वादोन. हे सांगितल्यावर मग लिहायला लावा: ३/२ + ३/४ = ९/४. अडीच लिटरमधून पाऊण लिटर काढलं तर? पावणेदोन. आजी-आजोबांपैकी कोणाला पावकी, निमकी, पाऊणकी येत असेल तर त्यांना कामाला लावा. पाऊणकी म्हणजे ३/४ चा पाढाच आहे. आठ पाऊण सहा म्हणताना मुलगी ८ × ३/४ करत असते.

मग ॲपकडे वळा. फोनऐवजी लॅपटॉप किंवा टॅबलेट मिळत असेल तर तो वापरा. फोनच असेल तर आडवा धरून टेबलावर टेकवून ठेवायचा, हातात नाही. एका हातात फोन असला की दुसरा हात पेन्सिल धरत नाही आणि सगळं गणित मनातल्या मनात किंवा अंदाजाने होतं. समोर वही हवीच. पानावर तारीख, कौशल्याचं नाव, प्रत्येक गणित मांडून उत्तर आधी वहीत, मग ॲपमध्ये. चुकलं तर खोडायचं नाही, शेजारी दुसऱ्या रंगाने पुन्हा करायचं. तुम्हाला वाचायचं आहे ते हेच. ॲपमधल्या टक्क्यांपेक्षा या पानावर जास्त लिहिलेलं असतं.

उत्तर टंकताना होणाऱ्या चुका वेगळ्या ओळखा. पूर्णांकयुक्त अपूर्णांक लिहिताना मध्ये जागा सोडावी लागते: १, जागा, ३/४. जागा सुटली नाही तर ॲप तेरा चतुर्थांश वाचतं. बऱ्याच ठिकाणी १०/१२ लिहिलं की अतिसंक्षिप्त रूप मागितलं जातं. बरोबर असून चुकलं म्हणून मूल रडकुंडीला येतं ते इथे. कोर्स निवडताना भारताचा, इयत्तेप्रमाणे असलेला निवडा. अमेरिकन कोर्समध्ये इंच, डॉलर आणि मिलियन येतात, लाख-कोटीचे स्वल्पविराम वेगळ्या जागी पडतात, आणि मसाविला आपल्या पुस्तकासारखं एचसीएफ न म्हणता जीसीएफ म्हणतात. भारताच्या कोर्सचाही क्रम बहुतेक एनसीईआरटीच्या (सीबीएसई शाळांतल्या) पुस्तकांप्रमाणे असतो, बालभारतीप्रमाणे असेलच असं नाही. म्हणून ‘पुढचा धडा’ हे बटण दाबत जाऊ नका. शाळेत जे चालू आहे किंवा रविवारच्या कागदावर जे अडलं आहे, तेवढंच कौशल्य शोधून काढा. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपने स्कॅन केले की त्या धड्याचं साहित्य उघडतं. तिथे क्रम आपोआप जुळतो. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर हलवून बघायचे प्रयोग, मोफत आहेत, त्यांतली बरीच मराठीतही मिळतात. अपूर्णांकांची ओळख करून देणाऱ्या सिम्युलेशनमध्ये छेद वाढवला की तुकडे लहान होताना समोर दिसतात. तिसरं गणित चुकलं असेल तर व्हिडिओच्या आधी हे द्या.

व्हिडिओबद्दल: ते टीव्हीसारखे बघितले जातात. पाहताना ‘समजलं’ वाटतं, कारण दुसरा माणूस सहज सोडवत असतो. उदाहरण फळ्यावर मांडलं गेलं की व्हिडिओ थांबवायचा, वहीत स्वतः सोडवायचं, मग पुढे चालवायचा. असं करायचं नसेल तर व्हिडिओ नकोच.

इंग्रजी शब्दांची भीती धरू नका, ते मोजून आठ-दहा आहेत. न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, इक्विव्हॅलंट म्हणजे सममूल्य, लाइक फ्रॅक्शन्स म्हणजे समच्छेद आणि अनलाइक म्हणजे भिन्नच्छेद, इम्प्रॉपर म्हणजे अंशाधिक, मिक्स्ड म्हणजे पूर्णांकयुक्त, एलसीएम म्हणजे लसावि. तुम्हाला येत नाहीत हे सोयीचंच आहे. ‘डिनॉमिनेटर म्हणजे काय गं?’ असा खराखुरा प्रश्न विचारणारी आई समोर असेल तर मुलीला समजावून सांगावं लागतं, आणि सांगता सांगता स्वतःचं कुठे अडतं ते तिला कळतं. खान अकादमीची भाषा बदलून मराठीही पाहता येते. सगळंच मराठीत असेल असं नाही, पण संकल्पना नवी असेल तेव्हा मराठीत बघावी आणि सराव मात्र शाळेच्या भाषेत करावा.

रोजचा पाऊण तास कमी करा. आठवड्यातून चार दिवस, २५ मिनिटं. पहिली पाच मिनिटं मागच्या आठवड्यातली तीन जुनी गणितं, ॲपशिवाय. मग पंधरा मिनिटं एकच कौशल्य. शेवटची पाच मिनिटं ती एक गणित तुम्हाला शिकवते. दर रविवारी कागदावर दहा मिश्र गणितं: दोन बेरजा, दोन तुलना, एक-दोन दशांश, दोन शाब्दिक उदाहरणं, उरलेली पाढ्यांची आणि वजाबाकीची, क्रम उलटसुलट. दोन-तीन आठवड्यांनी ॲपमधली युनिट टेस्ट द्यायला लावा आणि पातळी घसरली तर काही बोलू नका. ती घसरगुंडीच खरी माहिती आहे.

भांडणाचं म्हणाल, तर पेन्सिल तिच्याच हातात राहू द्या. बहुतेक घरांत ठिणगी पडते ती आई-बाबा पेन्सिल घेऊन ‘अगं, असं नाही, असं’ करतात तेव्हा. शेजारी नको, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसा. सलग दोन चुकांनंतर तिसरं गणित द्यायचं नाही, एक पायरी खाली उतरायचं. रात्री जेवणानंतर अजिबात बसू नका. ‘इतकं सोपं आहे’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. सोपं असून येत नाही म्हणजे मीच ढ, हा हिशेब मुलं झटकन करतात. फोटो काढला की उत्तर देणारी ॲप्स तुमच्या फोनवर ठेवा, तिच्या नाही. तुम्हाला उत्तर तपासायला ती उपयोगी आहेत.

आता तिच्या बाबांसाठी. पुढे कधी पैसे भरायचे ठरलं तर विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. मुलीने चुकलेलं प्रत्येक उत्तर आम्हाला जसंच्या तसं दिसेल का, की फक्त मिनिटं, नाणी आणि बॅज दिसतील? सहावीत असली तरी चौथीच्या सरावावर जाता येईल का? महिन्याने बंद करायचं झालं तर पैसे परत कसे मिळतील, आणि हे लेखी देणार का? ‘सोप्या हप्त्यांत’ म्हणतील तेव्हा कागद नीट वाचा. काही पॅकेजांत तो हप्ता म्हणजे वित्तसंस्थेने तुमच्या नावावर दिलेलं कर्ज असतं, ॲप बंद केलं तरी हप्ते चालूच राहतात. ‘मोफत चाचणी’साठी यूपीआय ऑटोपे मंजूर करायला सांगितलं तर मुदत संपण्याआधी ते यूपीआय ॲपमध्ये जाऊन रद्द करावं लागतं, नुसतं शिकण्याचं ॲप काढून टाकून भागत नाही. घरी येणाऱ्या विक्रेत्याला मुलीची ‘टेस्ट’ घेऊ देऊ नका. मुलगी नापास झाल्याशिवाय त्याचं पॅकेज खपत नाही.

दोन महिने असं करूनही लहान संख्यांची बेरीज बोटांशिवाय होत नसेल, घड्याळ आणि सुटे पैसे यांतही गोंधळ असेल, वाचन-लेखन मात्र ठीक असेल, तर शाळेतल्या समुपदेशकांशी किंवा बालरोगतज्ज्ञांशी बोला. गणन अक्षमतेची (डिस्कॅल्क्युलियाची) तपासणी करता येते. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. तिच्या गणिताच्या शिक्षकांना मात्र रविवारचा कागद आणि तुम्ही लिहून घेतलेली तिची वाक्यं आताच नेऊन दाखवा. २० पैकी ७ या आकड्यावरून त्यांना जे कळलं नसेल ते त्या कागदावरून कळेल.